पोरांकडं बघून

माझ्या लहानपणी घरात मारहाण व्हायची असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "वडील प्यायचे का?"

नाही. माझे वडील आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. तंबाखू नाही, सुपारी नाही, पत्ते नाहीत. एकादशी करायचे. झेडपीच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते, आणि चांगले शिक्षक होते. माण तालुक्यातल्या ज्या गावात आम्ही वाढलो तिथली म्हातारी माणसं आजही मला 'गुरुजींची पोरगी' म्हणून ओळखतात. चौथीच्या स्कॉलरशिपसाठी ते सकाळी सातला जादा तास घ्यायचे, एक पैसा न घेता. त्यांचं अक्षर इतकं देखणं होतं की फळ्यावरचा सुविचार पुसायला पोरं तयार नसायची. मी त्यांच्याच वर्गात शिकले. वर्गात त्यांनी कुणावर हात उगारलेला मी कधीच पाहिला नाही.

घरी ते आईला मारायचे.

दारूचा प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण मी 'हो' म्हणाले असते तर त्यांना जरा हायसं वाटलं असतं, असं मला दर वेळी जाणवतं. मग सगळा दोष बाटलीवर टाकता येतो. आपल्याकडच्या बायांनी गावोगाव आडव्या बाटलीला मतदान करून दारूची दुकानं बंद पाडली, त्या लढ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. आमच्या घरात मात्र आडवी करायला बाटलीच नव्हती. आई म्हणायची, "त्यांना राग आवरत नाही." पण शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी सगळ्या शिक्षकांदेखत त्यांना टाकून बोललं, तेव्हा त्यांनी तो आवरला होता. मान खाली घालून "होय साहेब" म्हणाले होते. त्या रात्री घरात काय झालं ते मला आठवतं. राग कुठं आवरायचा आणि कुठं सोडायचा हे अण्णांना बरोबर कळत होतं. मला हे नवव्या-दहाव्या वर्षी दिसलं होतं, फक्त ते सांगायला माझ्याकडं शब्द नव्हते.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आणि मला अण्णा आवडायचे, हेही इथंच लिहून टाकते, कारण लोकांना तेच कळत नाही. पाढे म्हणून दाखवले की ते पाठीवर थाप मारायचे. त्या थापेसाठी मी तीसपर्यंतचे पाढे पाठ केले. ज्या माणसाची भीती वाटते त्याच माणसाचं कौतुक हवंहवंसं वाटणं, हे दोन्ही एकाच पोटात घेऊन मूल शाळेत जातं, डबा खातं, प्रार्थनेला उभं राहतं.

आम्ही एका जुन्या वाड्यात भाड्यानं राहायचो. दोन खोल्या, मागं मोरी, पुढं सामाईक अंगण. वाड्यात तीन बिऱ्हाडं. अण्णांकडं एम-एटी दुचाकी होती. ती देवळाच्या वळणावर आली की मला घरात आवाज यायचा, आणि तिथपासून स्टँड लावेपर्यंतच्या वेळात माझ्या डोक्यात सगळं घर फिरून यायचं. पाणी तापलंय का. धाकट्यानं दप्तर मध्येच टाकलंय का. आमटीत मीठ बघितलंय का. मामाचं पत्र आलंय का, आणि आलं असेल तर ते कुठं ठेवलंय. स्टँड जोरात लावलं की मी धाकट्याला घेऊन अंगणात जायची. हळू लावलं की तो दिवस बरा. पुढं पुढं मला चपला काढण्याच्या आवाजावरूनही अंदाज यायचा. अभ्यासात मी हुशार होते असं सगळे म्हणायचे, पण माझी खरी हुशारी या कामात खर्च होत होती.

माणदेशात पाण्याचं दुर्भिक्ष. उन्हाळ्यात टँकर एक दिवसाआड येणार म्हणायचे आणि चार-चार दिवस यायचा नाही. अण्णांना अंघोळीला पाणी कमी पडलं यावरून आईनं मार खाल्लाय. ती पाऊण मैलावरच्या विहिरीवरून दोन खेपा करून आलेली असायची. पाणी नाही म्हणून मार, मीठ जास्त म्हणून मार, मीठ कमी म्हणून मार, हाक मारल्यावर लगेच 'ओ' दिली नाही म्हणून मार. कारण शोधून ते आधीच मिटवायचं, हे आम्ही दोघा भावंडांनी आपलं काम मानलं होतं. आज पाणी भरून ठेवलं, मीठ बघितलं, मग आज काही होणार नाही. तरी झालं, की आपलंच काहीतरी चुकलं. हे गणित मुलं किती वर्षं मांडत राहतात याची मोठ्यांना कल्पना नसते.

आईच्या लग्नातली भांडी होती. पितळी तांब्ये, डबे, स्टीलची पातेली, त्यांवर तिच्या मामाचं, आत्याचं नाव घातलेलं. त्यातल्या बऱ्याच भांड्यांना पोचे होते. आई मांडणीत भांडी लावताना पोचा आलेली बाजू भिंतीकडं करायची. मीही तसंच लावायला शिकले, कुणी न शिकवता. बांगड्यांचंही तसंच. कासारीण दर थोड्या दिवसांनी वाड्यात यायची. आईचे हात बघून एकदा म्हणाली, "गुरुजीनबाई, तुमच्या लईच लौकर वाढतात की." आई हसली आणि "धुणं आपटताना" म्हणाली. रात्री काचा मी गोळा करायची, कारण आई अनवाणी असायची आणि चिमणीच्या उजेडात तिला त्या दिसायच्या नाहीत.

आयोडेक्स आणायला मीच जायची. छोटी बाटली. दुकानदार विचारायचा, "कुणाला लागलं गं?" मी म्हणायची, "मला. लंगडी खेळताना पडले." कधी कधी मी थोडं लंगडूनही दाखवायची. असं सांग म्हणून आईनं मला कधीच सांगितलं नव्हतं.

धाकटा माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो दहा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा. त्यावर घरात काय काय उपाय झाले! रात्रीचं पाणी बंद. तीळगुळाचे लाडू. कुणीतरी सांगितलं म्हणून दंडात ताईत. चैत्रात शिंगणापूरच्या यात्रेला आईनं शंभू महादेवाला साकडं घातलं. डॉक्टरांनीही पोट तपासून गोळ्या लिहून दिल्या. कुठल्या रात्री ओलं होतं आणि कुठल्या रात्री कोरडं, हे मात्र कुणी विचारलं नाही. मला माहीत होतं. मी त्याच्या शेजारी झोपायची.

माझं वय नऊ असताना, म्हणजे १९८८ च्या उन्हाळ्यात, आई आम्हाला घेऊन माहेरी आली. तिच्या कानातून रक्त आलं होतं. खटाव तालुक्यात मामाचं गाव. तिथं आम्ही महिनाभर होतो, आणि मग एक दिवस बैठक बसली. अण्णा आले, त्यांच्याबरोबर शाळेतले दोन शिक्षक, चुलते, इकडून मोठे मामा, गावातली दोन-तीन वयस्क माणसं. बायका माजघरात. आम्हा पोरांना ओसरीवर शेंगा देऊन बसवलं होतं. शेंगा सोलत मी सगळं ऐकत होते. अण्णा फार कमी बोलले. चुलते म्हणाले, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. एक शिक्षक म्हणाले, गुरुजींसारखा निर्व्यसनी माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही. शेवटी मोठे मामा माजघराच्या दाराशी आले आणि आईला म्हणाले, "बाय, पोरांकडं बघून गप ऱ्हा. पोरांचं वाटोळं करू नगंस."

पोरं तिथंच होती. दहा पावलांवर. मला कुणी विचारलं असतं तर माझं उत्तर तयार होतं. मला तिथंच राहायचं होतं. त्या महिन्यात मी पहिल्यांदा पडल्या पडल्या झोपत होते. मामाच्या गावातली शाळाही मी बघून आले होते, पाचवीचा वर्ग पिंपळाखाली भरायचा. मोठे मामा वाईट नव्हते. त्यांच्या पदरात दोन लग्नाच्या मुली होत्या, जमीन कोरडवाहू. आईला ठेवून घेणं त्यांना जड होतं आणि ते त्यांनी तसं सांगितलं असतं तर आईला निदान खरं तरी कळलं असतं. त्यांनी आमचं नाव पुढं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही परत निघालो आणि आई सगळ्या वाटेत माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, माझ्यामुळं ती परत चाललीय.

धाकट्याचं उत्तर वेगळं आलं असतं, हे मला कबूल आहे. त्याला परत जायचं होतं, वाड्यात शेळीचं करडू होतं आणि अण्णांनी त्याला सायकल घेतो म्हणून सांगितलं होतं. मुलांनी निर्णय घ्यावा असं मी म्हणत नाही. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर तेवढं ओझं ठेवू नये. पण जिच्या नावानं सगळं ठरतंय तिला एकदा जवळ बसवून विचारावं, तुला घरात कसं वाटतं. बालकाशी संबंधित गोष्टीत त्याचं म्हणणं ऐकलं जावं, हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात बाराव्या कलमात लिहिलेलं आहे आणि भारतानं तो करार १९९२ साली मान्य केलाय. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा मी डी. फार्मसीही पूर्ण केली होती.

'लेकरांसाठी सोसलं' असं म्हणणाऱ्या आयांना मी दोष देत नाही. माझ्या आईला तर मुळीच नाही. तिच्याकडं सातवीपर्यंतचं शिक्षण होतं, हातात पैसा नव्हता. बायकोच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम १९८३ पासून होतं, पण त्याचा अर्थ तिच्या लेखी एकच होता, अण्णांना अटक. सरकारी नोकर ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की निलंबित होतो, हे मास्तरांच्या घरात पोरांनाही माहीत असायचं. मग पगार थांबणार, गावभर होणार, आणि त्या घरातून ती बाहेर. तिला अण्णा तुरुंगात नको होते. तिला मार थांबायला हवा होता आणि डोक्यावर छप्पर हवं होतं. त्या काळी ही दोन्ही एकत्र मागायची सोय तिला कुणी दाखवली नाही.

आता आज्जींबद्दल लिहिते. खरं तर त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणूनच हे सगळं लिहायला बसले.

वाड्यातल्या पलीकडच्या बिऱ्हाडात एक आज्जी राहायच्या. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला गोदीत. भिंत एकच, त्यामुळं त्यांना सगळं ऐकू जायचं. मधल्या बिऱ्हाडातल्यांनाही जायचं. मधले लोक अशा वेळी रेडिओ मोठा करायचे, आकाशवाणी सांगलीवर काय लागलंय ते मग आम्हालाही ऐकू यायचं. आज्जी मात्र उठून यायच्या. हातात वाटी. कडी जोरात वाजवायच्या आणि अंगणातूनच हाळी द्यायच्या, "गुरुजी, इरजण हाय का वो वाईच?"

आत सगळं जागच्या जागी थांबायचं. अण्णा केसांवरून हात फिरवायचे, सदरा नीट करायचे आणि दार उघडायचे. "या की आज्जी." त्यांचा आवाज पुन्हा गुरुजींचा झालेला असायचा. आई तोंडाला पदर लावून आत जाऊन चमचाभर दही वाटीत घालायची. आज्जी वाटी घ्यायच्या, पण जायच्या नाहीत. उंबऱ्यावर बसायच्या आणि बोलायला लागायच्या. मुंबईच्या मुलाचं पत्र, शेरडाचं आजारपण, बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो होतो त्याची गोष्ट. अण्णांना वडीलधाऱ्या बाईला जा म्हणता यायचं नाही. ते जांभया द्यायला लागेपर्यंत आज्जी हलायच्या नाहीत. उठताना मला म्हणायच्या, "चल गं बाय माझ्यापाशी झोपायला. मला एकटीला भ्या वाटतंय." मी धाकट्यालाही घेऊन जायची. त्यांच्या गोधडीला गोवऱ्यांच्या धुराचा वास असायचा, आणि तिथं धाकट्यानं अंथरूण कधी ओलं केलं नाही.

आज्जींकडं दुभती म्हैस होती. वाड्यात सगळ्यांना ताक त्याच द्यायच्या. त्यांच्या घरात विरजण नसेल हे कसं शक्य होतं, हा विचार मला पंचविशीत आला.

२००८ मध्ये टीव्हीवर 'बेल बजाओ' नावाच्या मोहिमेच्या जाहिराती लागायच्या. ब्रेकथ्रू नावाच्या संस्थेची मोहीम. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो, कुणीतरी उठून त्या दाराची बेल वाजवतं आणि काहीतरी किरकोळ मागतं. ती जाहिरात मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला उभं राहवेना. त्याच्या वीस वर्षं आधी, शाळेचं तोंड न पाहिलेल्या एका बाईनं माणदेशात तेच केलं होतं. त्यांनी अण्णांना कधी जाब विचारला नाही, आईला कधी उपदेश केला नाही. त्या आल्यामुळं मारहाण कायमची थांबली असंही नाही. पण मला त्यातून एक गोष्ट कळली, की हे जे चाललंय ते बरोबर नाही असं वाटणारं आणखी एक मोठं माणूस या जगात आहे. तोपर्यंत मला वाटायचं, एकट्या मलाच तसं वाटतं.

पुढचं थोडक्यात. धाकटा अण्णांच्या खांद्याला लागला तशी मारहाण कमी होत गेली आणि मग थांबली. त्यावर घरात कधी कुणी बोललं नाही. अण्णा निवृत्त झाले तेव्हा गावानं मोठा सत्कार केला. शाल, श्रीफळ, चांदीचा विठोबा. मोठमोठ्या हुद्द्यांवर गेलेले विद्यार्थी बोलताना रडले आणि ते रडणं खरं होतं. आई पहिल्या रांगेत नऊवारी नेसून बसली होती. मीही टाळ्या वाजवल्या. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडं असते, कराडला. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही.

कराडात माझं औषधाचं दुकान आहे. काउंटरवर उभं राहून मला एक गोष्ट दिसते जी बाकीच्यांना बहुधा दिसत नसेल. क्रेप बँडेज, दुखण्यावरचं मलम, जखमेचं औषध घ्यायला एकटं येणारं मूल. मोजके पैसे मुठीत. आणि विचारायच्या आधीच दिलेलं उत्तर. "आई पायरीवरून पडली." खरंच पडलेल्या आईचं मूल असं घाईनं सांगत नाही. ते तिथंच रमतं, कशी पडली ते रंगवून सांगतं.

अलीकडंच असा एक मुलगा आला. ओळख लागेल असं काही लिहीत नाही. मी त्याला, घरी कुणी मारतं का, असं विचारलं नाही. त्या प्रश्नाला मीही लहानपणी 'नाही' म्हणाले असते, कारण 'हो' म्हणणं म्हणजे घर मोडणं. मी विचारलं, "रात्री झोप लागली का रे?" तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बारकी उठत होती, तिला धरून बसलो." त्याला मी काउंटरच्या आत बोलावलं, बसायला स्टूल दिलं. 'हे तुझ्यामुळं होत नाही' एवढंच सांगितलं. आणि एक नंबर पाठ करून घेतला, दहा-नऊ-आठ. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली, आता ती सरकारी यंत्रणेतून चालते. फोन फुकट लागतो, दिवसरात्र, आणि मूल स्वतः करू शकतं.

संध्याकाळी औषध पोचवायच्या निमित्तानं मी त्यांच्या दारात गेले. त्याच्या आईनं दार पूर्ण उघडलं नाही. पुन्हा गेले. मग ती एकदा दुकान बंद होताना आली आणि आम्ही शटर अर्धं ओढून बोललो.

तिला मी जे सांगितलं ते माझ्या आईला सांगायला १९८८ मध्ये कुणी नव्हतं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात पहिली मागणी शिक्षेची नसते, संरक्षणाची असते. मारायचं नाही असा आदेश मागता येतो. राहत्या घरातून काढू नये असा आदेश मागता येतो, घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी. मुलांचा तात्पुरता ताबा, खर्च, भरपाईही मागता येते. अठरा वर्षांखालची मुलं या कायद्यात धरलेली आहेत. संरक्षण आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात, ते झाल्या प्रकाराचा अहवाल लिहून न्यायालयात देतात. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेही मी तिच्यापासून लपवलं नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पोलीस आवारातच समुपदेशन आणि मदत मिळावी म्हणून महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ साली मुंबईत पोलिसांबरोबर सुरू झाला होता, आता तसे कक्ष इतर जिल्ह्यांतही आहेत. तातडीला ११२, बायकांसाठी १८१.

आणि याच कायद्याचं चौथं कलम शेजाऱ्यांसाठी आहे. मारहाण झालीय, होतेय किंवा होईल असं वाटायला कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर त्याबद्दल कसलीही जबाबदारी येत नाही. 'आपण कशाला दुसऱ्याच्या घरात पडा' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

ती बाई अजून त्याच घरात आहे. अर्ज केलेला नाही. फोन नंबर तिनं किराणाच्या यादीत लिहून ठेवलेत. मुलगा शाळा सुटल्यावर दुकानात येतो, माझ्या शेजारी बसून गणितं सोडवतो, बारकीलाही आणतो. मी तिच्यावर घाई करत नाही. तिचं 'आता' कधी येईल हे तिला ठरवू दे. मुलांनी मात्र तोपर्यंत थांबायचं कारण नाही, म्हणून स्टूल कायमचं आत ठेवलंय.

हे एका घराचं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. आणि ज्या बाईनं लहानपणी वडिलांना आईला मारताना पाहिलं तिच्या स्वतःच्या वाट्याला हिंसा येण्याची शक्यता जास्त, हेही तीच पाहणी सांगते. पाहणी करणारे मोठ्या बाईला विचारतात, आणि विचारताना आसपास कुणी नको असा नियम आहे, तो योग्यच आहे. पण त्या बाईच्या घरातली पोरं या आकड्यात कुठंच नाहीत.

१९९८ साली अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं होतं. विचारलेल्या गोष्टींत एक होती, तुमच्या आईला मार खाताना पाहिलंत का. असे अनुभव जितके जास्त, तितका पुढच्या आयुष्यात हृदयविकार, नैराश्य आणि व्यसनांचा धोका जास्त, असं त्यांना आढळलं. मी तो अभ्यास वाचला तेव्हा माझ्या पित्ताच्या गोळ्यांचा, दार आपटलं की अंगावर येणाऱ्या काट्याचा पहिल्यांदा नीट विचार केला. 'लहान आहे, त्याला काय कळतंय' असं म्हणून आपण ज्यांना सोडून देतो, त्यांचं शरीर सगळं लिहून ठेवत असतं.

हे लिहिण्याआधी आईला विचारलं. तिच्या उजव्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "लिही. पर त्येंचं नाव नको. त्येंची पोरं मोठी झाल्यात, त्यास्नी वाईट वाटंल." पोरं म्हणजे अण्णांचे विद्यार्थी. मग थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "तुला तवा ऱ्हायचं हुतं व्हय मामाकडं?" सदतीस-अडतीस वर्षांनी कुणीतरी विचारलं. मी 'हो' म्हणाले. ती म्हणाली, "मलाबी."

धाकट्याला मसुदा पाठवला. तो पुण्याला असतो, त्याला दोन मुली आहेत. त्याचा फोन रात्री उशिरा आला. म्हणाला, "करडू नव्हतं, पाडस होतं, म्हशीचं. आज्जींचं. तुला काही आठवत नाही." मी म्हटलं, म्हशीच्या पिल्लाला रेडकू म्हणतात, गुरुजींचा मुलगा तू. आम्ही दोघंही हसलो. मग तो म्हणाला, "ताई, माझं नाव घालू नको. पण अंथरुणाचं आहे ते राहू दे. काढू नको. एखाद्याचं पोरगं ओलं करत असेल तर त्यांनी त्याला ताईत बांधायच्या आधी घरात बघावं."

राहू दिलंय.